सोळा मुलं, चार लेन आणि प्रत्येकाचा वेगळा रेस पेस

प्रश्न एका नव्या प्रशिक्षकांचा आहे. २५ मीटरचा टँक, चार लेन, संध्याकाळी एक तासाची बॅच. मुलं सोळा, वय ९ ते १७. सगळ्यात वेगवान मुलगी १०० मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटात काढते, सगळ्यात मागच्या मुलाला १ मिनिट ४० सेकंद लागतात. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा अडीच महिन्यांवर आली आहे. मोठ्यांच्या हिशेबाने सेट, म्हणजे ठरावीक फेऱ्यांचा सराव, लावला की लहान मुलं चौथ्या राऊंडला लेनच्या दोरीला लटकतात आणि लहानांच्या हिशेबाने लावला की मोठी मुलं भिंतीला टेकून गप्पा मारतात. शिवाय पन्नाशी ओलांडलेले दोन काका 'आम्हालाही तेच द्या' म्हणतात. अशा बॅचला रेस पेसचा, म्हणजे शर्यतीच्या वेगाचा, सराव एकत्र कसा द्यायचा?

सगळ्यांना सारखं अंतर द्यायचा हट्ट आधी सोडा. सारखी द्यायची ती वेळ. बारा मिनिटांचा सेट सगळ्यांना बारा मिनिटांचाच. त्यात २५ मीटरचे कुणाचे वीस राऊंड होतील, कुणाचे सोळा. रेस पेस हा ज्याचा त्याचा असतो. १ मिनिट ४० सेकंदवाल्या मुलाचा पंचवीस सेकंदांत काढलेला २५ मीटरचा राऊंड त्याच्यासाठी तितकाच खरा आहे, जितका त्या मुलीसाठी पंधरा सेकंदांचा.

पहिलं काम म्हणजे प्रत्येकाचा आकडा काढणं. मागच्या स्पर्धेचं टायमिंग असेल तर ते घ्या, नसेल तर एक दिवस वॉर्मअपनंतर सगळ्यांची १०० मीटरची ट्रायल घ्या. त्या वेळेला सरळ चारने भागा. ७६ सेकंद असतील तर १९. सुरुवातीच्या डाइव्हमुळे स्पर्धेत दोनेक सेकंद वाचतात आणि सरावात मूल भिंतीवरून पुश करून सुटतं, मग हा हिशेब कसा जुळतो? जुळतो, कारण स्पर्धेत तीन टर्न असतात, त्यात वेळ जातो, आणि सरावात आपण हात भिंतीला लागला की घड्याळ थांबवतो. दोन्ही गोष्टी साधारण एकमेकींना खातात. रोजच्या कामाला एवढी अचूकता पुरते. फक्त एक सांभाळा: टायमिंग ५० मीटरच्या टँकमधलं असेल तर तिथे टर्न कमी, म्हणजे भिंतीवरून मिळणारा धक्काही कमी, म्हणून तीच मुलं थोडी हळू असतात. तो आकडा तसाच २५ च्या टँकमध्ये वापरलात तर लक्ष्य सैल पडतं. आपल्याच टँकमध्ये ट्रायल घेतलेली बरी.

आकडा हातात आला की मुलं तो मोडतात, आणि जवळजवळ सगळी एकाच दिशेने. ७६ सेकंदवाला मुलगा स्पर्धेत पहिले पन्नास ३३ मध्ये जातो आणि पुढचे पन्नास ४३ मध्ये रडतरखडत पुरे करतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानलेने १०० फ्रीस्टाइलचा विश्वविक्रम ४६.४० सेकंदांचा केला, त्यात पहिले पन्नास २२.२८ आणि दुसरे २४.१२. फरक दोन सेकंदांच्या आत, आणि त्यातलाही मोठा वाटा डाइव्हचा. आपल्या मुलाचा फरक दहा सेकंदांचा. त्याने ३७ आणि ३९ असे पोहले तरी बेरीज ७६ च होते, पण शेवटच्या पंचवीसला त्याच्यात पोहायला काहीतरी उरतं, आणि तिथून पुढे वेळ कमी करता येते. म्हणून माझ्याकडे एक नियम आहे जो मुलांना आधी अजिबात आवडत नाही: आकड्यापेक्षा एका सेकंदाहून जास्त लवकर आलात तरी तो राऊंड चुकला. १९ वाल्याने १७ काढले तर शाबासकी नाही. पहिल्या आठवड्यात सगळी १६, १७, १८ अशी येतात आणि पाचव्या-सहाव्या राऊंडला २२ वर आदळतात. ते होऊ द्या. दुसऱ्या आठवड्यापासून पाण्यात वेगाचा अंदाज यायला लागतो.

आता नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घड्याळ बघून 'मी ४५ ला सुटलो, ८ ला पोचलो, म्हणजे किती' ही वजाबाकी धाप लागलेली असताना जमत नाही. त्यांच्यासाठी, आणि खरं तर पहिले दोन आठवडे सगळ्यांसाठीच, मी चपलांचा सेट घेतो.

त्याचं असं आहे. शिट्टी वाजली की सुटायचं, पंधरा सेकंदांनी दुसरी शिट्टी. दुसऱ्या शिट्टीला ज्याने त्याने आपापल्या खुणेला पोचलेलं असायला हवं. १०० मीटर एका मिनिटात काढणारी मुलगी पंधरा सेकंदांत २५ मीटर जाते, म्हणजे तिची खूण समोरची भिंत. ७६ सेकंदवाल्याची खूण २० मीटरला, १०० सेकंदवाल्याची १५ मीटरला. हिशेब सोपा आहे: १,५०० ला १०० मीटरच्या सेकंदांनी भागा. खुणेला प्लास्टिकचे शंकू वापरता येतात, पण मुलांच्या स्वतःच्या चपला उत्तम. जोडीतली एक या टोकापासून मोजून डेकवर, म्हणजे टँकच्या काठावर, ठेवायची, दुसरी त्या टोकापासून, म्हणजे येताना आणि जाताना दोन्हीकडे खूण मिळते. आठ मुलं पाण्यात, एका लेनमध्ये दोन शेजारी-शेजारी, आठ डेकवर. डेकवरच्या प्रत्येकाने आपल्या जोडीदाराच्या चपलेजवळ उभं राहायचं आणि शिट्टीच्या क्षणी डोकं चपलेच्या पुढे होतं की मागे एवढंच बघायचं. पुढे असेल तर हात वर, मागे असेल तर खाली. दर ४५ सेकंदांनी नवी शिट्टी. मधल्या वेळात उरलेलं अंतर सावकाश पोहून समोरच्या भिंतीला जायचं आणि श्वास घ्यायचा. आठ राऊंड, सहा मिनिटं, मग पाण्यातले वर आणि वरचे पाण्यात. डेकवर चालायचं, धावायचं नाही, हे मात्र रोज ओरडून सांगावं लागतं.

यात सगळी एकत्र सुटतात, एकत्र थांबतात, आणि कुणी कुणाच्या मागे राहिलं असं दिसतच नाही. बघणाऱ्या मुलालाही फायदा होतो. आपला जोडीदार पहिल्या तीन राऊंडला चपलेच्या दोन मीटर पुढे आणि सातव्याला तीन मीटर मागे, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पाण्यात उतरल्यावर तो आपोआप सांभाळून सुरुवात करतो. तुम्ही पन्नास वेळा 'सुरुवातीला दम राखा' म्हणून जे होत नाही, ते इथे दोन दिवसांत होतं.

तिसऱ्या आठवड्यापासून मुख्य सेट. फळ्यावर एवढंच लिहा:

सर्व लेन: १२ मिनिटं, २५ मीटर, आपापल्या आकड्यावर
लेन १: आकडा १५ ते १७, दर ३५ सेकंदांनी सुटणे, २० राऊंड
लेन २ आणि ३: आकडा १८ ते २१, दर ४० सेकंदांनी, १८ राऊंड
लेन ४: आकडा २२ ते २५, दर ४५ सेकंदांनी, १६ राऊंड

लेन आकड्याप्रमाणे लावा, वयाप्रमाणे किंवा उंचीप्रमाणे नाही. दहा वर्षांची मुलगी पंधरा वर्षांच्या मुलांच्या लेनमध्ये गेली तर जाऊ दे. मुलं दोन दिवस तोंड वाकडं करतील, मग तिच्या मागे पोहायला लागतील. ४५ सेकंदांचा इंटरव्हल लहानांना मुद्दाम दिला आहे: सेकंदकाटा बारावर, मग नवावर, सहावर, तीनवर, पुन्हा बारावर. पाढे न येणाऱ्यालाही कळतं. ३५ चा इंटरव्हल मोठ्यांनीच सांभाळावा. पेस क्लॉक नसेल तर मोठा सेकंदकाटा असलेलं साधं भिंतीवरचं घड्याळ खुर्चीवर टेकवून ठेवा, काम भागतं.

एका लेनमध्ये चारच मुलं, पाच-पाच सेकंदांच्या अंतराने. इथे गणित अगदी घट्ट आहे. विश्रांती साधारण २० सेकंदांची. चौथं मूल पहिल्याच्या १५ सेकंद मागे सुटतं आणि पहिल्याच्या पुढच्या सुटण्याआधी पाच सेकंद भिंतीला लागतं. पाचवं मूल आलं की ते नेमकं पहिला सुटताना पोचतं, भिंतीवर डोकी आपटतात, आणि सगळ्या लेनचा आकडा बिघडतो. मुलं जास्त असतील तर दोन पाळ्या करा, लेन कोंबू नका. आणि दर पाच-सहा राऊंडनंतर पुढचा मुलगा शेवटी पाठवा. मागून पोहणाऱ्याला पुढच्याच्या पाण्याची ओढ मिळते. काही पोरं पूर्ण सीझन त्या ओढीवर काढतात आणि स्पर्धेत एकटी पडली की त्यांना काही सुचत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, सेट कधी थांबवायचा. आकडा चुकला की पुढचा एक राऊंड बसायचं, श्वास घ्यायचा, परत यायचं. लागोपाठ दोन चुकले किंवा एकूण तीन चुकले की त्या मुलाचा सेट संपला. त्याने लेनच्या कडेने सावकाश पोहायचं. हा नियम अमेरिकेतल्या सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचे ब्रेंट रशॉल यांच्या 'अल्ट्रा शॉर्ट रेस पेस ट्रेनिंग' या पद्धतीतला. छोटं अंतर आणि छोटी विश्रांती यामागे विचार असा की पंधरा-वीस सेकंदांच्या कामात स्नायूंमधला तयार साठा आणि ऑक्सिजनवरची ऊर्जा बरंचसं काम भागवते, मधल्या वीस सेकंदांत साठा काही प्रमाणात परत भरतो, आणि चार वेळा शंभर जीव तोडून पोहल्यावर हातपाय जसे दगड होतात तसे होत नाहीत. म्हणून शर्यतीच्या वेगाचे एकूण मीटर जास्त होतात आणि स्ट्रोक मोडत नाही.

पहिल्या दिवशी बहुतेक मुलं सहाव्या-सातव्या राऊंडला बाद होतील. वहीत प्रत्येकाचं 'पहिली चूक कितव्या राऊंडला' एवढंच लिहा. हाच राऊंड पुढे सरकताना बघायचा. दोन वेळा अख्खा सेट एकाही चुकीशिवाय झाला की लक्ष्य अर्ध्या सेकंदाने खाली आणा. पालक विचारतील, 'आज फक्त साडेचारशे मीटर?' त्यांना वही दाखवा.

रशॉल यांची पद्धत मी घेतो, त्यांचा कडवेपणा घेत नाही. ते ड्रिल, किकबोर्ड, लांबचं पोहणं या सगळ्याला जवळजवळ निरुपयोगी मानतात. या पद्धतीचा सगळ्यात प्रसिद्ध शिष्य अमेरिकेचा मायकेल अँड्र्यू. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०० आयएमच्या (एकाच शर्यतीत चारही स्ट्रोक) फायनलला तो १५० मीटरपर्यंत पुढे होता आणि पाचवा आला. त्यावर भरपूर टीका झाली. एका शर्यतीवरून पद्धत खोटी ठरत नाही. पण नऊ वर्षांच्या मुलाला हाताची पकड शिकवायची तर ती आधी सावकाश पोहतानाच शिकवावी लागते, हे कुणाही प्रशिक्षकाला ठाऊक आहे. म्हणून आठवड्यात रेस पेस दोन वेळा, फार तर तीन. बाकीचे दिवस टेक्निक, किक, लांब पोहणं.

वेळेसोबत स्ट्रोकही मोजायला शिकवा. १९ सेकंदांत येणारा मुलगा पहिल्या राऊंडला १८ हात मारत होता आणि नवव्याला १९ सेकंदांतच पण २२ हात मारून आला, तर घड्याळ खूश असलं तरी तुम्ही सावध व्हा. हात पाणी न पकडता नुसता फिरायला लागला आहे. अशा वेळी मी त्याला एक राऊंड बसवतो आणि परत पाठवताना फक्त एवढंच सांगतो, 'वीसच्या वर हात नको.'

२०० मीटरवाल्यांसाठी हीच रचना पन्नासांवर. २ मिनिटं ४० सेकंदवाल्याचा आकडा ४०, दर मिनिटाला सुटणे. मिश्र बॅचमध्ये हे मोठ्यांनाच द्या. लहानांचे पन्नास चौथ्या-पाचव्यालाच कोसळतात. ४०० आणि त्यापुढच्या अंतराला, किंवा डिसेंबरात मालवणच्या चिवला बीचवर समुद्रात पोहायला जाणाऱ्यांना, पंचवीसचे तुकडे कमी उपयोगाचे. त्यांच्यासाठी ४०० आणि २०० ची ट्रायल घ्या, दोन्ही वेळांमधला फरक काढा आणि दोनने भागा. ४०० ला सहा मिनिटं आणि २०० ला २:५० लागत असतील तर फरक ३:१०, म्हणजे दर शंभराला १:३५. तो वेग, शंभर-शंभरचे तुकडे, मध्ये १५ सेकंद विश्रांती. कंटाळवाणं आहे, पण समुद्रात तेच उपयोगी पडतं.

५० मीटरची शर्यत मात्र यात बसवू नका. तिथे वेग राखणं असं काही नसतंच, होता तेवढा वेग काढायचा. आशियाई स्पर्धेत खजान सिंगला १९८६ मध्ये २०० मीटर बटरफ्लायचं रौप्य मिळालं, कोल्हापूरच्या वीरधवल खाडेला २०१० मध्ये ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य. स्ट्रोक तोच, पण एकाची तयारी दुसऱ्याला चालणार नाही. पन्नासवाल्यांना बारा-पंधरा मीटरच्या पूर्ण जोराच्या फेऱ्या द्या, प्रत्येकीनंतर दीड-दोन मिनिटं खरी विश्रांती. एका दिवशी सहा ते आठ बास.

स्पर्धेला महिना राहिला की दोन आठवड्यांतून एकदा तुटक शंभर घ्या: ५० पोहा, दहा सेकंद थांबा, २५, दहा सेकंद, २५. एकूण वेळेतून वीस सेकंद वजा. हा आकडा खऱ्या शंभरापेक्षा दोन-तीन सेकंद चांगला येतोच, विश्रांतीमुळे. तो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. स्पर्धेच्या दिवशी तेवढं आलं नाही की मूल विनाकारण हिरमुसतं.

बाकी स्ट्रोकबद्दल थोडक्यात. बटरफ्लाय लहानांना पंचवीसच्या पुढे द्यायचाच नाही, त्यामुळे हा सेट त्याला छान बसतो. ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांना शक्यतो एका लेनमध्ये ठेवा, त्यांची लाथ शेजारच्याच्या बरगडीत बसते. बॅकस्ट्रोकला भिंतीपासून पाच मीटरवर झेंड्यांची दोरी हवीच. आपल्याकडे अनेक टँकवर ती स्पर्धेच्या दिवशीच निघते. सरावाला नसेल तर साधी सुतळी आणि कापडाच्या पट्ट्या बांधा, पण नुसतं 'अंदाजाने वळा' म्हणू नका.

डाइव्ह फक्त खोल बाजूने. स्टार्टिंग ब्लॉक असलेल्या टोकाला भिंतीजवळ किमान १.३५ मीटर खोली हवी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि मुलांच्या टँकची उथळ बाजू बहुतेक वेळा त्याहून कमी असते. रेस पेसच्या सेटमध्ये 'श्वास न घेता पंचवीस' असली पैज कुणी लावली तर तिथल्या तिथे थांबवा. दमलेलं मूल पाण्याखाली शुद्ध हरपू शकतं, आणि वरून ते पोहत असल्यासारखंच दिसतं.

स्पर्धेच्या आठवड्यात आकडा तोच ठेवा, राऊंड निम्मे करा. शेवटच्या दिवसांत आकडा खाली आणायचा मोह प्रत्येक प्रशिक्षकाला होतो, मलाही होतो.

राहिले दोन काका. त्यांना चौथ्या लेनच्या शेवटी उभं करू नका. मुलांच्या पाठी लागून ते स्वतःचा आकडा विसरतात. मुलांचा सेट संपल्यावर, बॅच शेवटचं सावकाश पोहत असताना, त्यांना एक लेन द्या. पंचवीसच, पण विश्रांती २० ऐवजी ३० ते ४० सेकंद, आठ राऊंड, डाइव्ह नाही. बीपी किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारून यायला सांगा. काही गोळ्यांनी नाडीचे ठोके वाढतच नाहीत, त्यामुळे नाडी धरून दम किती लागलाय याचा अंदाज येत नाही. भिंतीला आल्यावर एक पूर्ण वाक्य बोलायला लावा. वाक्य मध्ये तुटलं तर पुढचा राऊंड बसून.